ब्राउनी ओली की कच्ची?

घरी ब्राउनी भाजणाऱ्या बहुतेकांना शेवटच्या पाच मिनिटांत एक प्रश्न पडतो. ओव्हनचे दार उघडून मध्यभागी टूथपिक टोचली आणि बाहेर काढली, की तिला थोडा ओला लगदा चिकटलेला असतो. केकच्या बाबतीत याचा अर्थ सरळ असतो : केक कच्चा आहे, आणखी भाजायला हवा. ब्राउनीची पाककृती मात्र नेमके उलटे सांगते. टूथपिक अगदी कोरडी निघाली तर ब्राउनी जास्त भाजली गेली, असे ती बजावते. मग ही ओली ब्राउनी मुलांच्या हातात द्यावी की नाही? तिच्यात अंडी आहेत, मैदा आहे. ओली आहे म्हणजे ती कच्ची आहे का?

प्रश्न स्वयंपाकघरातला असला, तरी उत्तर शोधताना द्रावणे, प्रथिने, पिष्ट, उष्णतावहन असे शाळेतले अनेक धडे उपयोगी पडतात. या लेखात आपण एका साध्या पाककृतीतल्या पाण्याचा हिशेब मांडू आणि त्यावरून ओलेपणाचा आणि कच्चेपणाचा संबंध तपासू. लेखाच्या शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे काही प्रयोगही दिले आहेत.

ब्राउनी कुठून आली?

ब्राउनी हा अमेरिकेतला पदार्थ. नाव पडले ते तिच्या तपकिरी रंगावरून. बॉस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात ब्राउनी आहे, पण तिच्यात चॉकलेट नाही. तो उसाच्या काकवीचा छोटा केक होता. त्याच पुस्तकाच्या १९०६ सालच्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी दिसते. शिकागोचे पामर हाउस हॉटेल मात्र या पदार्थाचा मान स्वतःकडे घेते आणि १८९३ सालच्या तिथल्या जागतिक प्रदर्शनाशी त्याचे नाते जोडते.

याखेरीज एक आख्यायिकाही सांगितली जाते. कोणीतरी चॉकलेट केकमध्ये बेकिंग पावडर घालायला विसरले, केक फुगला नाही आणि ब्राउनी जन्माला आली. या गोष्टीला पुरावा नाही. शिवाय ती आपल्याला चुकीच्या दिशेने नेते. नेहमीच्या केकमधून बेकिंग पावडर काढून टाकली तर दडदडीत केक मिळतो, ब्राउनी मिळत नाही. दोहोंमधला फरक घटकांच्या प्रमाणात आहे, आणि तो समजण्यासाठी वजनकाट्याकडे वळावे लागते.

पाण्याचा हिशेब

आपण २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी टिनसाठी पुढील प्रमाण घेऊ : ५५ टक्के कोको असलेले चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी (बटर) १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कवच वगळून १४० ग्रॅम भरतील अशी ३ अंडी, मैदा ७५ ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. एकूण वजन ७१० ग्रॅम. या यादीत पाणी किंवा दूध कुठेच नाही. तरीही मिश्रणात पाणी आहे, आणि ते थोडेथोडके नाही.

अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. म्हणजे १४० ग्रॅम अंड्यांतून १०५ ग्रॅम पाणी आले. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणजे १९ ग्रॅम. कोरडा वाटणारा मैदाही पूर्ण कोरडा नसतो; त्यात सुमारे १३ टक्के, म्हणजे १० ग्रॅम पाणी असते. बेरीज १३४ ग्रॅम.

आता साखर पाहू. आपण घातलेली २०० ग्रॅम. शिवाय चॉकलेटमध्ये कोको ५५ टक्के असेल तर उरलेला ४५ टक्के भाग जवळजवळ सगळा साखरेचाच असतो. म्हणजे आणखी ६७ ग्रॅम. एकूण साखर २६७ ग्रॅम झाली. पाण्याच्या बरोबर दुप्पट!

तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा साधा केक घेऊ. त्यात मैदा, साखर, लोणी आणि अंडी समान वजनाची असतात. प्रत्येकी २०० ग्रॅम घेतले तर अंड्यांतून १५०, लोण्यातून ३२ आणि मैद्यातून २६ ग्रॅम असे २०८ ग्रॅम पाणी मिळते. साखर २०० ग्रॅम. म्हणजे साखर आणि पाणी जवळपास समसमान.

दोन्ही मिश्रणे १०० ग्रॅम पाण्याच्या मापाने शेजारी-शेजारी ठेवली तर चित्र असे दिसते :

केक : पाणी १००, साखर ९६, मैदा ९६.
ब्राउनी : पाणी १००, साखर १९९, मैदा ५६.

ब्राउनीत पाण्याच्या मानाने साखर दुपटीहून जास्त आणि मैदा निम्म्याच्या आसपास आहे. ब्राउनी ही अर्धवट भाजलेला केक का नाही, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

आता विद्राव्यतेचा धडा आठवावा. २० अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, त्याहून जास्त नाही. म्हणजे ब्राउनीच्या कच्च्या मिश्रणातले सगळे पाणी साखरेला मिळाले, तर ते खोलीच्या तापमानाला संपृक्त द्रावण होईल. प्रत्यक्षात मैदा आणि कोको आपापला वाटा मागतात, म्हणून काही साखर न विरघळताही राहते. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर ब्राउनी हा मुळात एक दाट पाक आहे. मैदा आणि अंडे त्या पाकाला आकार देतात, आणि चॉकलेट व लोणी त्याला मऊपणा देतात.

पाण्यासाठी ओढाताण

पाणी थोडे आणि मागणारे पुष्कळ, अशी ब्राउनीची अवस्था असते. मागणारे मुख्यतः तीन आहेत : साखर, मैद्यातली प्रथिने आणि मैद्यातले पिष्ट. यांत साखरेची पाण्याची ओढ मोठी. तिच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट अनेक असतात आणि ते पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी बांधले जातात. असे बांधलेले पाणी इतरांच्या वाट्याला सहज येत नाही.

मैद्यातली ग्लूटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिने पाणी मिळाले आणि मळणे झाले की ग्लूटेनचे चिवट जाळे तयार करतात. पोळीला लवचिकपणा आणि पावाला जाळी यामुळेच येते. ब्राउनीत मैदा सर्वांत शेवटी घालतात. तोपर्यंत पाणी साखरेने अडवलेले असते आणि मैद्याच्या कणांवर वितळलेल्या लोण्याचा थर बसतो. त्यामुळे ग्लूटेन फारसे तयार होत नाही. मैदा घातल्यावर मिश्रण भराभर फेटू नये, हलक्या हाताने एकत्र करावे, असे सांगतात ते याच कारणाने. फेटण्याने उरलीसुरली प्रथिनेही जाळे विणू लागतात आणि ब्राउनी चिवट होते.

पिष्टाची गोष्ट अशीच आहे. भरपूर पाण्यात गव्हाचे पिष्ट साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागते आणि मिश्रण दाट होते. खळ शिजवताना आपण हेच पाहतो. पण साखरेच्या दाट द्रावणात हे तापमान बरेच वर, ८० ते ९० अंशांच्या घरात सरकते. केकची जाळी पिष्ट फुगून पक्की झाल्याने टिकते. ब्राउनीत पिष्ट थोडे आहे, त्याला पाणी कमी मिळते आणि ते उशिरा फुगते. म्हणून ब्राउनी केकसारखी जाळीदार आणि हलकी न होता घट्ट, दाट राहते.

मग ब्राउनी शिजते कशाने?

इथे अंडे पुढे येते. अंड्यातली प्रथिने म्हणजे नीट घडी घातलेल्या लांब साखळ्या. उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रव पदार्थ घट्ट होतो. नुसत्या अंड्याचा पांढरा बलक ६२ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो. पांढऱ्या बलकातले मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या जवळ गेल्यावरच पुरते घट्ट होते. साखर ही तापमाने आणखी थोडी वर ढकलते.

ब्राउनी योग्य वेळी बाहेर काढली तर तिचा मध्यभाग साधारण ८५ ते ९५ अंशांपर्यंत तापलेला असतो. अंडी असलेल्या पदार्थांसाठी अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक असा, की मध्यभागी किमान ७१ अंश सेल्सिअस तापमान गाठले गेले पाहिजे. साल्मोनेलासारखे जिवाणू तिथे टिकत नाहीत. म्हणजे ८५ अंशांना पोहोचलेली ब्राउनी हा दंडक चांगल्या फरकाने ओलांडून गेलेली असते. अंडे शिजलेले आहे, मैदाही शिजलेला आहे, तरीही ती ओली आहे. कारण तिचा ओलेपणा हा पाकाचा आणि वितळलेल्या स्निग्ध पदार्थाचा आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ओलेपणा ही एक गोष्ट आणि कच्चेपणा ही दुसरी. कच्चेपणा तापमानावर ठरतो, ओलेपणा पाणी आणि साखर यांच्या प्रमाणावर. केकमध्ये दोन्ही गोष्टी एकदमच संपतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात.

टूथपिकला हा फरक पुरता कळत नाही, पण थोडा कळतो. तिच्यावर पातळ, ओघळणारे मिश्रण आले तर ब्राउनी खरोखर कच्ची आहे. अशी ब्राउनी लहान मुलांना देऊ नये. दाट, ओलसर कण चिकटून आले तर प्रथिने घट्ट झाली आहेत. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा टोचून वापरायचा तापमापक आहे, त्यांनी मध्यभागी ८५ अंश पाहावेत आणि निश्चिंत व्हावे. कच्चे मिश्रण बोटाने चाटण्याची मुलांची सवय मात्र मोडलेली बरी. त्यात अंडेही कच्चे आणि मैदाही कच्चा असतो.

पाच मिनिटांचे महत्त्व

ओव्हनमध्ये असेपर्यंत पाणी सतत उडून जात असते. समजा, भाजताना वजन ५० ग्रॅमने घटले. ही घट जवळजवळ सगळी पाण्याची असते. मग मिश्रणात ८४ ग्रॅम पाणी उरले. साखर तेवढीच आहे. म्हणजे १०० ग्रॅम पाण्यामागे आता सुमारे ३१८ ग्रॅम साखर झाली. गरम असताना एवढी साखर द्रावणात राहू शकते, पण गार झाल्यावर हे द्रावण अतिसंपृक्त होते. अंड्यातली प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ यांची गर्दी असल्याने साखरेचे स्फटिक सहज तयार होत नाहीत. राहतो तो दाट, चिकट पाक. ब्राउनी चावताना जो ओढीचा मऊपणा लागतो, तो यातून येतो.

लाडवाच्या पाकाचा अनुभव असणाऱ्यांना यापुढचे सांगायला नको. एकतारी पाक गोळीबंद व्हायला फार वेळ लागत नाही, कारण पाणी जितके कमी उरते तितका थोड्या पाण्याच्या जाण्याने मोठा फरक पडतो. १३४ ग्रॅममधून १० ग्रॅम जाणे आणि ८४ ग्रॅममधून १० ग्रॅम जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत झालेली हयगय चालून जाते, शेवटच्या पाच मिनिटांत चालत नाही.

उष्णता आत कशी जाते?

ओव्हनमधली हवा १७५ अंशांवर असली तरी ब्राउनीचा मध्यभाग १०० अंशांच्या आतच राहतो. पाणी असेपर्यंत आलेली उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. मिश्रण दाट असल्याने त्यात उष्णता मुख्यतः वहनाने पुढे सरकते, आणि वहनाचा एक नियम इथे फार उपयोगी आहे : उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट.

समजा, हेच मिश्रण २० ऐवजी १५ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये ओतले. तळाचे क्षेत्रफळ ४०० वरून २२५ चौरस सेंटिमीटरवर आले, म्हणजे थराची जाडी सुमारे १.८ पट झाली. नियमाप्रमाणे मध्याला तापायला तिपटीहून अधिक वेळ लागेल. बाजूंनीही उष्णता येत असल्याने प्रत्यक्षात एवढा लागत नाही, पण पुस्तकातली वेळ पाळून चालणार नाही हे नक्की. मध्य शिजेपर्यंत कडा कोरड्या होऊन जातील. ब्राउनी नेहमी पसरट टिनमध्ये भाजतात, ती यासाठी. घरी गोल टिन असेल तर साडेबावीस सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा. त्याचे क्षेत्रफळ जवळपास ४०० चौरस सेंटिमीटरच भरते.

कोपऱ्यातले तुकडे कडक का होतात, तेही यातूनच कळते. मध्यभागाला उष्णता वरून आणि खालून मिळते. कोपऱ्याला त्याखेरीज आणखी दोन बाजूंनी मिळते.

टिन कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. अ‍ॅल्युमिनिअमची उष्णतावाहकता काचेच्या सुमारे २०० पट असते. काचेचे भांडे सावकाश तापते आणि बाहेर काढल्यावर सावकाश निवते, त्यामुळे बाहेर आल्यावरही कडा शिजत राहतात. काळा टिन उष्णतेचे प्रारण चकचकीत टिनपेक्षा जास्त शोषतो, म्हणून त्यात कडा लवकर करपतात.

चकाकणारा पापुद्रा

चांगल्या ब्राउनीवर कागदासारखा पातळ, चकाकणारा, तडे गेलेला पापुद्रा असतो. अंडी आणि साखर आधी चांगली फेटली तर अंड्यातल्या पाण्यात साखर बरीच विरघळते. भाजताना पृष्ठभागावरचे पाणी प्रथम उडते आणि विरघळलेल्या साखरेचा पातळ थर स्फटिक न होता काचेसारखा गोठतो. खडीसाखरेत स्फटिक असतात. लिमलेटच्या गोळीत ते नसतात आणि ती पारदर्शक दिसते. पापुद्रा हा लिमलेटच्या गोळीचा भाऊबंद आहे. आतला भाग फुगतो, गार होताना खाली बसतो आणि वरच्या ताठर थराला तडे जातात. आपल्या बाजारातली साखर जाड दाण्याची असते, ती सावकाश विरघळते. म्हणून ती मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावी.

पृष्ठभाग कोरडा झाला की त्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढू लागते. तिथे प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली ही अभिक्रिया वर्णन केली. पोळीवरचे ठिपके, भाजलेले शेंगदाणे, कॉफीचा वास यांमागे हीच अभिक्रिया आहे. चॉकलेटमध्ये ती कारखान्यात कोकोच्या बिया भाजतानाच झालेली असते. म्हणून ब्राउनीच्या रंगावरून ती भाजली की नाही हे ठरवता येत नाही. ती कच्ची असतानाही तपकिरीच असते.

चॉकलेटमधला स्निग्ध पदार्थ

कोकोच्या बीचा जवळपास निम्मा भाग स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे कोको बटरचा असतो. हॉलंडमधील व्हान हाउटेन यांच्या १८२८ सालच्या दाबयंत्रामुळे तो वेगळा काढता येऊ लागला आणि मागे उरलेल्या पेंडीची कोको पावडर होऊ लागली. चॉकलेटमधले कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणून चॉकलेट टेबलावर घट्ट आणि तोंडात पातळ असते.

ब्राउनी ओव्हनमधून काढल्यावर हे सगळे स्निग्ध पदार्थ द्रव असतात. गार होताना ते पुन्हा गोठतात आणि ब्राउनीला घट्टपणा येतो. गरम असताना कापून पाहिलेली ब्राउनी कच्ची वाटते आणि ओव्हनमध्ये परत जाते, तेव्हा ती नाहक कोरडी होते. ती पूर्ण निवू द्यावी आणि मगच कापावी.

बाजारात ‘कंपाउंड’ नावाच्या स्वस्त वड्या मिळतात. त्यांत कोको बटरऐवजी इतर वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो आणि साखरही सहसा जास्त असते. त्या वापरल्या तर वरचा पाण्याचा हिशेब बदलतो. वेष्टणावरची घटकांची यादी वाचून घातलेली साखर कमी करावी.

कृती आणि तिची कारणे

चॉकलेट आणि लोणी गरम पाण्यावर भांडे ठेवून वितळवावे. या वेळी त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नये. थोडे पाणी चॉकलेटमधल्या साखरेच्या कणांना चिकट करते, कण एकमेकांना धरतात आणि सगळे चॉकलेट गोळा होऊन बसते. मिश्रण बोटाला कोमट लागेपर्यंत निवू द्यावे, नाहीतर अंड्याची प्रथिने भांड्यातच शिजतील.

अंडी, साखर आणि मीठ फिकट रंग येईपर्यंत फेटावे. या फेटण्यातून साखर विरघळते आणि मिश्रणात हवाही शिरते. या पाककृतीत बेकिंग पावडर नाही; ब्राउनी थोडीफार फुगते ती या हवेने आणि पाण्याच्या वाफेने. त्यात चॉकलेटचे मिश्रण हळूहळू ओतावे. पिवळ्या बलकातले लेसिथिन पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांना एकत्र धरून ठेवते. शेवटी मैदा आणि कोको पावडर चाळून घालावी आणि कोरडे दिसेनासे होताच हात थांबवावा. बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये ओतून आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ठेवावे. विसाव्या मिनिटापासून तपासू लागावे.

सर्व घटक वाटीने न मोजता वजनाने मोजावेत. एकाच वाटीत मैदा दाबून भरला आणि सैल भरला तर वजनात सहज पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. एवढ्या फरकाने ब्राउनी केककडे झुकते. घरगुती ओव्हनच्या खुंटीवरचे आकडेही नेहमी विश्वासाचे नसतात. आत ठेवायचा साधा तापमापक त्यावर चांगला उपाय आहे.

अंडे किंवा ओव्हन नसेल तर

अंडे काढून टाकले तर तीन गोष्टी एकदम जातात : पाणी, घट्ट होणारी प्रथिने आणि लेसिथिन. दही घातले तर पाणी आणि काही प्रथिने परत येतात, पण दह्याची प्रथिने अंड्यासारखी घट्ट होत नाहीत. म्हणून बिनअंड्याच्या ब्राउनीत आकार धरून ठेवण्याचे काम पिष्टावर येते आणि मैदा वाढवावा लागतो. दह्यातल्या आम्लाची खाण्याच्या सोड्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि हवेची उणीव भरून निघते. अशी ब्राउनी थोडी केकसारखी होते. तिची चव वाईट नसते, पण तिच्याकडून पापुद्र्याची अपेक्षा करू नये.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मीठ किंवा वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून टिन ठेवावा आणि घट्ट झाकण लावून मंद आचेवर भाजावे. कोणी शिटी आणि रबर काढून कुकर वापरतात, पण कोरडा तापवणे कुकरला सोसत नाही. या पद्धतीत उष्णता जवळजवळ सगळी खालून येते, त्यामुळे वरचा भाग निस्तेज राहतो. पूर्वी नानकटाई भाजताना झाकणावरही निखारे ठेवीत, त्यामागे हेच कारण होते.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. मैद्याचा लहान गोळा मळून अर्धा तास ठेवा. मग वाडग्यातल्या पाण्यात हळूहळू दाबत धुवा. पिष्ट पाण्यात उतरेल आणि हातात रबरासारखे ग्लूटेन उरेल. दुसरा गोळा मळताना मैद्याइतकीच पिठीसाखर घाला आणि तोही धुऊन पाहा. दोन्हींत काय फरक पडला?

२. एका भांड्यात १०० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मैदा, दुसऱ्यात १०० ग्रॅम पाणी, २०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम मैदा घ्या. सतत ढवळत मंद आचेवर तापवा आणि मैद्यामुळे मिश्रण दाटू लागते ते तापमान नोंदवा. दुसरे भांडे शिक्षकांनीच हाताळावे. तापलेला पाक उकळत्या पाण्याहून वाईट भाजतो.

३. ब्राउनीचे मिश्रण सारख्या आकाराच्या चार स्टीलच्या वाट्यांत समान वजनाने भरा. प्रत्येक वाटीचे वजन भाजण्यापूर्वी आणि नंतर करा. दहाव्या मिनिटापासून दर तीन मिनिटांनी एक वाटी बाहेर काढा. वेळ आणि वजनातली घट यांचा आलेख काढा. वरच्या रीतीने प्रत्येक वाटीत उरलेले पाणी आणि साखरेचे त्याच्याशी प्रमाण काढा. ज्या वाटीचा मध्यभाग ८५ अंशांना पोहोचला नसेल ती बाजूला ठेवा. बाकीच्या वाट्यांवर क्रमांक न दाखवता मुलांना चव घेऊ द्या आणि सर्वांत आवडलेली वाटी आलेखावर कुठे बसते ते पाहा.

तिसऱ्या प्रयोगात एक पथ्य पाळावे : वेळ सोडून काहीही बदलू नये. पुढच्या खेपेला वेळ तीच ठेवून साखर १० ग्रॅमने कमी करावी, त्यापुढच्या खेपेला मैदा वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मुलांना प्रयोगवहीत लिहून घ्यावा लागतो. इथे तो जिभेला कळतो.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन प्रश्न. ब्राउनी दुसऱ्या दिवशी अधिक चांगली का लागते? हिशेब करताना कोरड्या कडा आणि ओला मध्य यांच्यातल्या पाण्याचे रात्रभरात काय होत असेल, याचा विचार करावा. आणि महाबळेश्वरला पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, तर तिथे भाजलेल्या ब्राउनीला वेळ अधिक लागेल की कमी? इथे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. ते कोणते, हे आधी शोधावे, मग उत्तर द्यावे.